कवळीतली सोबत

बत्तीस वर्षं मी एसटी स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या. जयसिंगपूर-कुरुंदवाड, फलाट दोन. सांगलीच्या प्रवाशांनी घाई करू नये, मागून दुसरी गाडी येत आहे. ती मागची गाडी क्वचितच यायची, पण लोक माझ्या आवाजावर विश्वास ठेवून थांबायचे. हा धनपाल मगदूम म्हातारपणी दिवसाकाठी नऊ मिनिटं बोलेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

नऊ मिनिटं हा माझा अंदाज नाही. माझ्या कवळीनं मोजलेला आकडा आहे.

हसू नका. तुमचे अजून स्वतःचे दात असतील तर तुम्हाला यातलं काही ठाऊक नसणार, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. दोन हजार चौतीस सालच्या महापुरात आमचं अर्धं गाव हातकणंगल्याच्या एका शाळेत मुक्कामाला होतं. मी आणि माझी बायको त्रिशला, दोघंही. आम्हा म्हाताऱ्यांच्या कवळ्या झोपताना पेल्यात पडायच्या. एका उत्साही स्वयंसेविकेनं सगळे पेले गोळा करून एका टबात धुतले आणि सकाळी कवळ्यांचा ढीग आमच्यासमोर ठेवला. घ्या आपापली! मी तीन दिवस उदगावच्या एका मास्तरांचे दात घालून हिंडलो. त्या दातांनी माझ्या हिरड्या सोलल्या आणि माझ्या दातांनी मास्तरांचं काय केलं देव जाणे. आम्ही सगळे त्यावर पोट धरून हसलो.

हसणं फार टिकलं नाही. पाणी ओसरल्यावर नदीकडच्या उसात एक बाई सापडल्या. अंगावर ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण तोंडात कवळी होती. चांगली, नवी, कुणीतरी पदरमोड करून बसवून दिलेली. ती कुणाची हे कवळीला सांगता येत नव्हतं. बाईंना बेवारस म्हणून अग्नी दिला गेला. त्रिशलानं त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही.

कवळीवर खूण करायची पद्धत तशी जुनीच. कुणी दवाखाने मागच्या बाजूला बारीक यंत्रानं नाव कोरायचे, पण त्या खाचांत अन्न अडकून वास यायचा. कुणी कागदाच्या चिटोऱ्यावर नाव लिहून तो पारदर्शक थराखाली बंद करायचे. कुणी स्टीलची पट्टी बसवायचे, ती आगीतही टिकायची. पण हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. पुरानंतर सक्ती आली. प्रत्येक कवळीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप, काचेच्या नळीत बंद केलेली, कारण कवळीचा लगदा उकळत्या पाण्यात शिजवून घट्ट करतात आणि साधी चिप त्यात टिकत नाही. त्या चिपमध्ये नाव, गाव आणि जन्मसाल. जवळ यंत्र धरलं की कळतं. इथपर्यंत सगळं छान होतं. इथंच थांबले असते तर मी हे सांगायला बसलो नसतो.

त्रिशला गेली तेव्हा माझी जुनी कवळी सैल झालेली. मुलगी बंगळूरहून आली होती, सम्मेदा. दिवसकार्य आटोपल्यावर तिनं मला सांगलीच्या दवाखान्यात नेलं आणि नव्या पद्धतीची कवळी करायला घातली. तिथं कवळ्या बनवणाऱ्या रेहाना मुजावर म्हणून एक बाई आहेत. चाळिशीच्या, बोलायला गोड, हाताला कडक. माझ्या तोंडात माप घ्यायचा लगदा कोंबून त्या निवांत समजावत होत्या. मला मधे बोलता येत नसल्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं एवढं सलग ऐकून घेतलं.

“गॅस पेटवायचा लायटर बघितलाय न्हवं, काका? आत एक खडा असतोय. बटण दाबलं की त्याच्यावर ठोका बसतोय आणि ठिणगी पडती. तसल्याच खड्याची पातळ चकती आम्ही खालच्या दाढांच्या बुडाला घालतो. तुम्ही चावला की वीज. त्या विजेवर चिप चालती. बॅटरी नको, काय नको. सकाळच्या भाकरीवर दुपारपर्यंत पळती बघा.”

आणि चिप काय करते? चावणं मोजते. जोरानं, एका लयीत पडलेला दाब म्हणजे जेवण. कवळी खालच्या जबड्याची, म्हणजे हलणाऱ्या जबड्याची, त्यामुळे दाब नसताना जबडा वेडावाकडा हलला तर ते बोलणं. शब्द ऐकू येत नाहीत तिला, फक्त हालचाल कळते. शिवाय प्रत्येक माणसाची चावायची तऱ्हा वेगळी. कुणी उजवीकडून सुरुवात करतो, कुणी गायीसारखं रवंथ करतो. त्यावरून कवळी धन्याच्याच तोंडात आहे की दुसऱ्याच्या, हेही ओळखते. हे सगळं माझ्या फोनमधून मुलीच्या फोनवर जातं. तिथं झाडाचं एक पान दिसतं. मी नीट खाल्लं, नीट बोललो, की पान हिरवं. कमी झालं की पिवळं. या योजनेला नाव दिलंय ‘सोबत’. नाव ठेवणाऱ्याला माझा दंडवत.

पहिले काही महिने सम्मेदा रोज संध्याकाळी फोन करायची. आम्हा जैनांत सूर्यास्ताच्या आत जेवतात, त्यामुळे तिचा फोन यायचा तेव्हा माझं ताट घासून झालेलं असायचं.

“जेवलासा काय, अण्णा?”

“जेवलो.”

“काय केलंतासा?”

मग मी भाजीपासून सुरू करून गल्लीतल्या बातम्यांपर्यंत यायचो. पुढं पुढं ती विचारायच्या आधीच सांगायला लागली, “आज जेवण चांगलं झालंय की!” प्रश्नच संपला, त्यामुळे उत्तरही संपलं. मग फोन रविवारवर गेला. मग रविवारी तिच्याकडून नुसतं एक हिरवं पान यायला लागलं, म्हणजे बघितलं, सगळं ठीक आहे. मी तिला दोष देत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एवढ्या मोठ्या शहरात ती एकटी राहते, लग्न केलं नाही, तलावांचं पाणी शुद्ध करणाऱ्या कंपनीत दिवसभर राबते. जे आयतं कळतंय ते विचारायचं कशाला?

दर नोव्हेंबरात मी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचो. तिथं जुने कंडक्टर, ड्रायव्हर भेटायचे. कोण गेला, कोण राहिला, कुणाच्या सुनेनं काय केलं, सगळा हिशेब रांगेतच व्हायचा. गेल्या वर्षी बँकेनं कळवलं, आपण यायची गरज नाही, आपल्या चर्वणावरून आपण हयात असल्याचं आम्हाला कळलेलं आहे. चर्वणावरून! मी तो संदेश दोनदा वाचला. मग इस्त्री करून ठेवलेला शर्ट तसाच कपाटात ठेवून दिला.

मग गेल्या महिन्यात सम्मेदाचा खराखुरा फोन आला, मधल्याच वारी.

“अण्णा, कोल्हापूरला आमची शाखा निघतीय. रंकाळ्याचं काम. मला विचारलंय. पगार थोडा कमी होईल आणि हुद्दाही खाली येईल. पण तुमच्यापासून तासाभरावर येईन. महिनाअखेरीला सांगायचंय. येऊ का?”

मी खुर्ची ओढून बसलो. ये, असं म्हणायला एक अक्षर लागतं. बत्तीस वर्षं लाखो अक्षरं बोललेला माणूस मी. आणि मी काय म्हणालो?

“माझ्यासाठी म्हणून येऊ नको बाई. तुझं नुकसान व्हायला नको.”

“तेच म्हणते मी,” ती जरा मोकळी होऊन म्हणाली. “तुमचं तसं छान चाललंय. रोज अडीच-अडीच तास बोलता तुम्ही! मी दिवसभरात एवढं बोलत नाही. कोण कोण येतंय एवढं?”

मला काही कळेना. अडीच तास? दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. शेजारचे चौगुले मुलाकडे पुण्याला गेले, त्यांच्या घराला कुलूप आहे. मी अडीच तास कुणाशी बोलतो? आणि मग एकदम उजेड पडला.

मी जप करतो. त्रिशला होती तेव्हा सकाळी एक माळ णमोकाराची आणि थोडी स्तोत्रं, एवढंच. ती गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून एकाच्या दोन माळा झाल्या, दोनाच्या पाच. सकाळी उठल्यावर आधी दात बसवायचे, मग चूळ, मग जप, कारण बोळक्या तोंडानं उच्चार बिघडतात आणि बिघडलेला उच्चार मला चालत नाही, स्टँडवरही चालायचा नाही. दुपारी पुन्हा. जेवण झाल्यावर पुन्हा. जबडा हलतोय, दाब नाही, म्हणजे बोलणं. ही चिप ज्यांनी बनवली त्यांना माणसं दोनच कामांसाठी तोंड उघडतात असं वाटलेलं, खायला आणि गप्पा मारायला. जितका मी जास्त एकटा, तितका माझा जप जास्त, आणि तितकं माझं पान हिरवंगार.

हे सगळं फोनवर सांगून टाकायला हवं होतं. सम्मे, अगं तो जप आहे, बोलायला कुणी नाही मला. पण बापाच्या तोंडातून मुलीला असलं निघतं का? तिच्या हुद्द्याचा प्रश्न होता. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. गावभर ज्याचा आवाज घुमायचा त्याच्याकडे कुणी फिरकत नाही, हे पोरीला काय सांगायचं?

“येतात की,” मी म्हणालो. “जुने स्टँडवरचे. चौगुले बसतात दुपारचे. चहा चालतोच.”

“मग मी निर्धास्त,” ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. मला जेवण गेलं नाही. खोटं मी एकच बोललो होतो, पण त्याला साक्षीदार सरकारमान्य होता. मुलगी येऊ शकत होती, तासाभरावर, आणि माझ्याच तोंडातलं यंत्र तिला सांगत होतं की येऊ नको, इथं वर्दळ आहे. मला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाचं रडणं फार बावळट दिसतं, आणि ते बघायलाही कुणी नव्हतं.

पुढचे काही दिवस मी फोन हातात घ्यायचो. लावायचो सुद्धा. तिनं उचलला की विचारायचो, “तिकडं पाऊसपाणी काय म्हणतंय?” ती म्हणायची, “बरं आहे. मीटिंगमध्ये आहे, अण्णा. काही काम होतं?” “नाही, सहज.” महिनाअखेर जवळ येत चालली होती.

मग मला मार्ग सुचला. जप तीन प्रकारचा असतो हे आमच्यात लहान पोरालाही शिकवतात. मोठ्यानं उच्चारून करायचा तो वाचिक. ओठ हलतात पण आवाज नाही, तो उपांशु. आणि ओठही न हलवता नुसत्या मनात करायचा तो मानस, तो सगळ्यात श्रेष्ठ. मी जन्मभर पहिल्या प्रकारात रमलेला माणूस. श्रेष्ठ व्हायची मला कधी हौस नव्हती. पण जे तोंड उघडून सांगता येत नाही ते तोंड मिटून सांगता येईल, असं डोक्यात आलं. मी वाचिक जप थांबवला. माळ हातात, ओठ घट्ट बंद.

पहिल्या दिवशी मी माझ्या फोनमधला आकडा उघडून बघितला, बोलणं नऊ मिनिटं भरलं होतं. त्यातली निम्मी मिनिटं दुकानदाराशी साबणाच्या वडीवरून घातलेल्या वादाची. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. मग एक दिवस नुसतं शून्य आलं. मनातल्या जपानं घर आणखी गप्प झालं. आवाजानं जप करायचो तेव्हा निदान कुणीतरी बोलतंय असं भिंतींना वाटायचं. आता माझा घोट गिळल्याचा आवाज मला ऐकू यायला लागला. पान पिवळं झालं. मी फोन समोर ठेवून बसलो. आता सम्मेदा बघेल, आता घाबरेल, आता विचारेल.

सम्मेदाचा फोन आला नाही. दारात रेहानाबाई आल्या.

“काय काका, कवळी चावायला लागली व्हय? आम्हाला कळवलंय, बोलणं एकदम बंद. कवळी टोचायला लागली की माणूस आधी बोलायचं सोडतंय. तोंड उघडा बघू.”

म्हणजे माझं मौन मुलीकडे जायच्या आधी दवाखान्यात गेलं होतं. दातांत बिघाड! त्यांनी माझी कवळी काढून उजेडात धरली, हिरड्यांवर बोट फिरवलं, आपल्या छोट्या यंत्रानं खूण वाचली. मगदूम धनपाल, जयसिंगपूर. मी बोळक्या तोंडानं खाली बघत बसलो होतो.

“कुठं लागत नाही, कुठं सैल नाही,” त्या कवळी परत देत म्हणाल्या. “एकदम फर्स्टक्लास बसलीय. मग बोलत का न्हाई, काका?”

मी दात बसवले. उत्तर आधीपासून तयार असल्यासारखं बाहेर आलं.

“कुणाशी बोलू?”

त्या चपला काढून खुर्चीवर टेकल्या. मी डब्यातला भडंग काढला, त्यांनी मूठभर घेतला. मी त्यांना जपाचं सगळं सांगितलं. त्या आधी तोंडावर पदर धरून हसल्या, मग गंभीर झाल्या.

“माझ्या सासऱ्यांचं बी असंच हाय. नमाज झाली की तस्बीहची माळ ओढत बसत्यात. त्यांचं पान बघाल तर नुसतं पोपटी. माझा नवरा दुबईतनं म्हणतोय, अब्बा लई खुशीत हायत. घरात मी असती म्हणून मला खरं म्हायती. यंत्राला काय, जीभ हलली की झालं.” मग त्यांनी पिशवीतून नोंदी लिहायची पाटी काढली. “मला कारण लिवायला लागंल, काका. आणि कवळीत बिघाड नसला तर घरच्यांना फोन करून सांगायचा नियम हाय. लावू का पोरीला?”

मी नाही म्हणू शकलो असतो. “लावा,” मी म्हणालो.

सम्मेदानं लगेच उचलला. रेहानाबाईंनी कवळी ठीक असल्याचं सांगितलं आणि स्पीकर चालू करून फोन माझ्यापुढं सरकवून त्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेल्या. बाई शहाणी.

“सम्मे,” मी म्हणालो, “ते अडीच तास बोलणं म्हणजे जप होता. चौगुले पुण्याला जाऊन वर्ष होत आलं. चहाला कुणी येत नाही. मी तुला खोटं सांगितलं.”

 

“मला माहीत होतं, अण्णा,” ती म्हणाली.

“काय?”

“मला माहीत होतं. पहाटे साडेपाचला कोण येणार तुमच्याशी बोलायला? त्या घरात मी अठरा वर्षं तुमच्या जपानं जागी झालेय. आलेख उघडला त्याच दिवशी मला कळलं होतं. सकाळी जप, दुपारी जप, जेवण झालं की जप. मला आकडा बघून भीतीच वाटली होती. आईच्या वेळी एक माळ व्हायची.”

“मग…”

“मग काय? पान हिरवं होतं ना. मी स्वतःला सांगितलं, अण्णा बोलतायत कुणाशी तरी. रोज सांगितलं. तुम्ही चौगुले काका म्हणालात तेव्हा मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आता तुम्हीच सांगताय. मी कोल्हापूरला नाही म्हणून कळवून टाकलं, अण्णा. गेल्या आठवड्यात. जागा दिली दुसऱ्याला.”

ती रडत होती. राग यायला हवा होता, आला नाही. मला लाज वाटत होती, आणि तिचीही दया येत होती. मी खोटं बोललो होतो आणि ती ते खरं मानत होती, आणि दोघांनाही ते सोयीचं होतं. कवळी बिचारी दोघांच्या मधे बसून प्रामाणिकपणे मोजत होती.

“असू दे,” मी म्हणालो. “जागा काय, परत निघेल.”

“नाही निघायची.”

“न निघू दे.”

रेहानाबाई दारात येऊन उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, “यातलं मोजायचं बंद करता येतं का?”

“येतं की. नाव काढता येत न्हाई, तेवढं कायद्यानं ठेवायलाच लागतंय. बाकी मोजणं, पाठवणं बंद करता येतं. पण तुमची आणि पोरीची, दोघांची हो लागती.”

“करा.”

“नको, अण्णा!” सम्मेदा फोनमधून ओरडली. “तुम्ही जेवलात की नाही, पडलात बिडलात तर, मला कळणार कसं?”

“विचारायचं,” मी म्हणालो.



“आणि मी विसरले तर?” तिनं हळूच विचारलं.

विसरेलही. तिचंही एक आयुष्य आहे, त्यातही फार माणसं आहेत असं नाही. “विसरलीस तर विसरलीस,” मी म्हणालो. “पण मग तुला माहीत असेल की तुला माहीत नाही.”

ती म्हणाली, “हो. करा बंद.”

रेहानाबाईंनी यंत्र माझ्या गालाजवळ धरलं. बारीकसा आवाज झाला, एवढंच. जाताना त्या दारात थांबल्या, सांगलीला आलात तर सासऱ्यांना भेटून जा म्हणाल्या, एकाच माळेचे मणी तुम्ही दोघं. मी बघू म्हणालो.

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत मी भाकरी खाल्ली आणि ती कुणाला कळली नाही. फोन गप्प होता. दुसऱ्या दिवशीही. बँकेनं मात्र कळवलं, आपल्या हयातीचा पुरावा मिळणं थांबलं आहे, नोव्हेंबरात प्रत्यक्ष यावे. मला वाटलं होतं एवढं सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. इतके महिने निदान एक यंत्र तरी माझी दखल घेत होतं. आता मी जेवलो काय, बोललो काय, पडलो काय, जगात कुणाच्या कुठल्याही फोनवर त्याची नोंद नव्हती. दुपारी तर मी सांगलीच्या दवाखान्याचा नंबर काढला होता, पुन्हा चालू करा म्हणून सांगायला. माझा मीच मला भित्रा म्हणालो आणि फोन उशीखाली ठेवला. एकटेपणा आधीही होता, पण आधी त्याला हिरवा रंग लावलेला होता. आता तो नुसताच होता, उघडा. त्याच्याकडे बघत मी बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दात बसवले आणि पुन्हा मोठ्यानं जप धरला. मला मानस जप जमत नाही, हे कबूल. निम्मी माळ झाली असेल, तोवर उशीखाली फोन वाजायला लागला. जप मधे सोडायचा नसतो. मी आजवर कधी सोडला नव्हता, त्रिशलाच्या आजारपणातसुद्धा नाही. वाजतोय, वाजतोय, आता थांबणार, असं वाटल्यावर माझ्या हातातली माळ खाली पडली आणि मी फोन उचलला.

“अण्णा?” सम्मेदाचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता.

“काय गं? एवढ्या सकाळी? काय झालं?”

“काही नाही. उठल्या उठल्या सवयीनं फोन बघितला, तिथं काहीच नव्हतं. तुम्ही कसे आहात ते कळेना, म्हणून विचारलं.”

“मस्त” हा शब्द माझ्या तोंडात आला होता. मी तो गिळला.

“फारसा बरा नाही,” मी म्हणालो. “वेळ असला तर बोल थोडं.”

“आहे वेळ,” ती म्हणाली, आणि पलीकडे तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज मला ऐकू आला.